चपला राखणारा

"दाब बटण," भिमाजी म्हणाला.

महेबूबचं बोट स्टार्टरच्या हिरव्या बटणापाशी गेलं आणि तिथंच थांबलं. दिंडोरीजवळ सुलाबाईंच्या द्राक्षबागेतल्या बोअरमध्ये नवी मोटार सोडून झाली होती, केबल जोडून झाली होती. राहिला होता तो नारळ. पंचवीस वर्षं दोघं मिळून पंपांची कामं करत होते. नारळ भिमाजीने फोडायचा आणि बटण महेबूबने दाबायचं, ही वाटणी कधी कोणी ठरवली नव्हती. पण ती कधी मोडलीही नव्हती.

"अरे, नारळ?"

"आता मी नाय फोडत." भिमाजीने हात फडक्याला पुसले. "ताई, तुमची मोटार, तुमचा नारळ. तुम्हीच फोडा."

सुलाबाई नारळ हातात धरून उभ्या होत्या. "याला बरं नाय का रे?" त्यांनी महेबूबला विचारलं. शेवटी बाईंनीच दगडावर नारळ फोडला, महेबूबने बटण दाबलं आणि पाणी आलं, आधी गढूळ, मग निवळ. बाईंनी दोघांच्या हातावर खोबरं ठेवलं. महेबूब प्रसाद खात नसे. देणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून घ्यायचा आणि टेम्पोत बसल्यावर गुपचूप भिमाजीला द्यायचा. आजही दिला. भिमाजीने दोन्ही तुकडे चवीने खाल्ले.

"हे बरं चालतं तुला," महेबूब म्हणाला.

"खोबऱ्यावर माझा राग नाय."

"मग कोणावर आहे?"

"कोणावरच नाय. राग यायला कोणीतरी लागतं ना समोर." भिमाजीने तोंड पुसलं. "दिवाळीपासून सुटलं रे माझं. सवयीनं नारळ फोडत होतो, आज नाय फोडवला. देव बीव नाय मानत मी आता."

महेबूबने टेम्पो बाजूला घेतला. हा माणूस कपाळाला बुक्का लावल्याशिवाय पान्याला हात लावत नसे. आज कपाळ कोरं होतं, आणि कधीपासून कोरं होतं ते महेबूबला आठवेना. याची त्याला लाज वाटली.

"घरात काही झालं का? रंगूभाभी?"

"रंगू ठणठणीत हाय. समदे ठणठणीत हायेत."

"मग कोणी फसवलं? कुठल्या बाबाच्या नादी लागला होतास?"

"तुला कारण पायजे, महेबूब. रंगूलाबी पायजे होतं. कारणच नाय. रोजच्यासारखा देवघरापुढं बसलो होतो, अन् ध्यानात आलं का मी एकटाच बोलतोय. लय दिवसांपासून एकटाच बोलत होतो."

महेबूब हादरला. दुःखाने देव सुटतो हे त्याने पाहिलं होतं. दुःख उतरलं की तो परत येतो हेही पाहिलं होतं. पण हा धडधाकट माणूस खोबरं चावत शांतपणे हे सांगत होता. "तुझा देव तुला, माझा अल्ला मला, इतकी वर्षं मस्त चाललं होतं की," तो म्हणाला. "पण हे असं रिकामं कसं राहायचं, भिमा? भीती नाही वाटत?"

"पहिले आठ दिवस वाटली. मग कामाला लागलो."

मग महेबूबच्या तोंडून ते निघालं, जे एकोणीस वर्षांत त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

"आणि अलिशाचा नवस?"

अलिशा, त्याची मुलगी, सहा वर्षांची असताना मेंदूज्वराने अकरा दिवस बेशुद्ध होती. बाराव्या दिवशी तिने डोळे उघडले, तेव्हा भिमाजीने सांगितलं की तो वणीच्या देवीला बोलून बसलाय: पोरगी उठली तर जिता आहे तोवर दर चैत्रात अनवाणी गड चढेन. महेबूबने तेव्हाच बजावलं होतं, आमच्यात हे चालत नाही, देणारा तो एकच. तरी दर चैत्रात भिमाजीला टेम्पोने गडावर तोच नेत होता. भिमाजी वर जायचा आणि महेबूब पहिल्या पायरीशी, सोडावाल्याच्या सावलीत, त्याच्या चपला राखत बसायचा. वेळ झाली की तिथंच गमछा अंथरून असरची, उतरत्या दुपारची, नमाज पढायचा. घरी जुलेखाला मात्र सांगायचा, वणीला मोटारीचं काम होतं. वर्षातून एवढं एकच खोटं तो बायकोशी बोलत असे.

यंदा चैत्र सरत आला होता, आणि भिमाजी गडाचं नाव काढत नव्हता. अलिशा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं बीपी वाढलं होतं. डॉक्टरने उद्याच भरती व्हायला सांगितलं होतं.

भिमाजी म्हणाला, "चढतो की. तू म्हणशील तर आत्ता चढतो. पण वर कोणी नाय, हे मनात ठेवून चढणार. खोटं नाय बोलायचं मला तुझ्याशी. चालेल तुला?"

वर कोणी नाही. गडावर देवी नाही, देणारा तो एकच, हे तर महेबूबला लहानपणापासून पाठ होतं. त्याने म्हणायला हवं होतं, बरोबर बोललास. त्याऐवजी त्यालाच भीती वाटली. पाच वेळचा नमाजी तो, एकोणीस वर्षं पोरीचा जीव कोणाच्या भरवशावर ठेवून निवांत होता? अल्लाच्या? देवीच्या? का या माणसाच्या भाजलेल्या तळपायांच्या? हे त्याला कोणी विचारलं नव्हतं म्हणून बरं होतं. आता त्यानेच स्वतःला विचारलं होतं.

त्याने टेम्पो वणीच्या रस्त्याला लावला.

पहिल्या पायरीशी भिमाजीने चपला काढल्या आणि नेहमीसारख्या महेबूबपुढे ठेवल्या. उन्हाने दगड तापले होते. तो चढत गेला आणि गर्दीत दिसेनासा झाला. असरची वेळ झाली. महेबूबने गमछा अंथरला, बूट काढले, आणि तसाच उभा राहिला. हात उचलले जाईनात. कोणत्या तोंडाने मागायचं, हेच त्याला कळत नव्हतं. तो पुन्हा चपलांजवळ जाऊन बसला.

तासाभराने भिमाजी उतरला. पाय लालबुंद झाले होते.

"देवळात गेलास?"

"दारातून फिरलो. आत जाऊन काय बोलणार? अलिशाचं नाव घेतलं अन् आलो." त्याने गमछ्याकडे पाहिलं. "पढलास?"

"नाही."

भिमाजीचा चेहरा उतरला. सकाळपासून पहिल्यांदाच तो हादरलेला दिसत होता.

"माझ्यामुळं?"

महेबूबने त्याच्या चपला त्याच्यापुढे सरकवल्या.

"पढ," भिमाजी म्हणाला. "वेळ हाय अजून. पोरगी उद्या दवाखान्यात जायचीय. पढ तू. मी हाय इथं."

महेबूब गमछ्यावर उभा राहिला. पाठीमागे भिमाजीने त्याचे बूट उचलले, स्वतःच्या चपलांशेजारी ठेवले आणि त्यांच्यावर एक हात ठेवून तो पायरीवर बसून राहिला.