हाताला बसेल असा माऊस

दीपमालाच्या माऊसचं उजवं बटण गुरुवारी बिघडलं. एकदा दाबलं की ते दोनदा लागायचं. बिलं करणाऱ्या माणसाचं यानं काही अडलं नसतं. पण दीपमाला जो गेम खेळायची त्यात तिचं काम लांबून नेम धरायचं होतं, आणि बंदुकीवरची दुर्बीण त्याच बटणानं उघडायची. आता ती उघडून लगेच मिटायला लागली. त्या संध्याकाळी दीपमाला त्यापायी अनेकदा मेली.

एरवी ती पुलगावच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं, नाचणगावला घरी यायचं, जेवायचं आणि कॉम्प्युटरसमोर बसायचं. तिची पाच जणांची टीम होती. बाकीचे चौघे अकोला, नागपूर, यवतमाळ असे विखुरलेले, त्यातल्या दोघांना तर तिनं समोरासमोर कधी पाहिलंही नव्हतं. टीमचं नाव ‘सत्तेचाळीस डिग्री’. रविवारी दुपारी त्यांची एका स्पर्धेची सेमीफायनल होती. ऑनलाइन मागवलेला माऊस मंगळवारच्या आधी येत नव्हता.

आणि शनिवारी तिला मुलगा पाहायचा होता.

मुलगा म्हणजे विवेक, आर्वीकडच्या एका गावात जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर. दोन्ही घरांनी फोटो पाहिले होते, चौकशा झाल्या होत्या. आता दोघांनी वर्ध्याला एखाद्या हॉटेलात भेटून बोलून घ्यावं असं ठरलं. सोबत दीपमालाचे वडील कवडूजी जाणार होते. निघताना आईनं, जिजाबाईनं, एकच गोष्ट बजावली.

"त्या गेमचं नाव काढू नोको. हिंगणघाटचं स्थळ त्याच्यानंच गेलं."

हिंगणघाटच्या मुलानं विचारलं होतं, लग्नानंतर हे बंद होईल ना? दीपमालानं विचारलं होतं, तुमचं क्रिकेट बंद होईल का? दोन्ही प्रश्न तसेच राहिले आणि मंडळी चहा पिऊन गेली.

बसमध्ये दीपमाला वडिलांना म्हणाली, "बाबा, आधी माऊस घ्यायचा हाय."

"आईले सांगतलं?"

"नाई."

"मंग मले कायले सांगतलं?" कवडूजी म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. ते रेल्वेतून रिटायर झाले होते. कोणती गोष्ट आपल्या हातात नाही हे त्यांना चटकन कळायचं.

बजाज चौकाकडून जरा आत हिरालालचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. ते उशिरा उघडतं हे त्यांना तिथं गेल्यावर समजलं. भेटीची वेळ तर होऊन चालली होती. दीपमालानं विवेकला फोन लावला आणि मला एक माऊस घ्यायचा आहे, तुम्ही दुकानातच येता का, असं विचारलं. तो "येतो" म्हणाला. बाकी काही विचारलं नाही.

तो आला तेव्हा दीपमालासमोर काउंटरवर तीन माऊस मांडलेले होते. एक मोठा, रंगीत दिव्यांचा. एक जड. आणि एक अंगभर भोकं असलेला, उचलला तर काही उचलल्यासारखं न वाटणारा. विवेकनं कवडूजींना नमस्कार केला, दीपमालाकडे पाहून मान हलवली आणि हेल्मेट हातात धरून उभा राहिला. तो फोटोतल्यापेक्षा उंच होता आणि त्याचे हात मोठे होते.

हिरालालला गिऱ्हाईक सापडलं. "या साहेब. कोणता गेम खेळता?"

"मी नाही खेळत."

"मग?"

कवडूजींनी बसमधून उतरताना मी काही बोलणार नाही असं कबूल केलं होतं. ते म्हणाले, "ऑफिसच्या कामासाठी पाहून राह्यली ते."

"मग हे कशाला घेता ताई?" हिरालालनं तिन्ही माऊस बाजूला सारायला हात पुढे केला. "साधा न्या ना. आवाजसुद्धा करत नाही."

दीपमालानं वडिलांकडे पाहिलं, मग हिरालालकडे.

"मला लांबून माणसं मारायची आहेत."

"खेळात," कवडूजी म्हणाले.

विवेकनं हेल्मेट काउंटरवर ठेवलं.

"किती लांबून?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. नकाशात एक लांब गल्ली असते, तिच्या टोकाला पाण्याची टाकी. टाकीवर बसून गल्ली राखायची हे तिचं काम, आणि उद्या त्याचीच सेमीफायनल. माणूस पार दुसऱ्या टोकाला दिसतो, ज्वारीच्या दाण्याएवढा. माऊस हातात किंचित जरी घसरला तरी गोळी भिंतीला लागते. विवेक ऐकत होता. समजलं असेल असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं, पण कंटाळलाय असंही वाटत नव्हतं.

हिरालालनं बिलं करायच्या कॉम्प्युटरला एकेक माऊस लावून द्यायचं कबूल केलं, मात्र त्यावर एक बिल अर्धं झालेलं होतं, त्याला धक्का लावायचा नाही. दीपमालानं जड माऊस पाहिला आणि लगेच बाजूला ठेवला. भोकांचा लावला. कवडूजींनी वाकून पाहिलं.

"याले भोकं काऊन पाडले?"

"वजन कमी होते, काका."

"म्हणजे माल कमी अन् भाव जास्त?"

"असंच असते ते," हिरालाल म्हणाला.

मग दिव्यांचा मोठा माऊस लावला. तेवढ्यात कवडूजींना काहीतरी सुचलं.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही पाहा न जरा. तुमचं तर कामच हाताचं."

दीपमालाला जमिनीत शिरावंसं वाटलं. विवेकनं मात्र सवयीनं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाही दुमडली आणि माऊसवर हात ठेवला. डोळे मिटून त्यानं बोटं इकडेतिकडे फिरवली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं डाव्या हातानं तो कानाला लावला, उजवा तिथंच राहिला.

"बोल प्रेमदास... पाय दिसून राह्यले का? किती? दोन? खूर वर पाहते का खाली?... वर? म्हणजे मागचे पाय आहे ते. ओढू नका. कोणीच ओढू नका, ऐकून राह्यला ना?... तुझ्या भावाले बाजूला कर आधी. मी निघालो."

बोलता बोलता त्याचा अंगठा माऊसच्या बाजूचं बटण दाबत होता. ते बटण मागे जायचं असतं. पडद्यावर एकेक पान मागे जात राहिलं आणि शेवटी हिरालालचं अर्धं बिल कुठेतरी गेलं. हिरालालनं ते पाहिलं. पण फोनच्या पलीकडे एक गाय विताना अडली होती, त्यामुळे त्याला काही बोलता आलं नाही.

विवेकनं हेल्मेट उचललं. "मला जावं लागेल. आर्वी रोडवरचंच गाव आहे." मग आपल्या उजव्या हाताकडे नजर गेली तेव्हा त्यानं तो माऊसवरून काढला. "हा घ्या. हा हातातून सुटत नाही."

आणि तो गेला. बाहेर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

"बोलणं त राह्यलंच," कवडूजी म्हणाले.

दीपमाला त्या मोठ्या माऊसवर हात ठेवून बसली. तिचं बोट बटणाच्या टोकापर्यंत पोचत नव्हतं. तिनं पुन्हा भोकांचा लावला, डोळे मिटले, उघडले, पडद्यावरच्या एका बारीक ठिपक्यावर बाण नेऊन थांबवला. तिथंच थांबला.

"हा द्या."

"अवं, त्यायनं तो मोठा सांगतला न," कवडूजी हळूच म्हणाले. "उद्या जावई होतीन."

"हात माझा हाय, बाबा."

घरी जिजाबाईनं विचारलं, काय बोलणं झालं? कवडूजींनी गायीचं सांगितलं. दुकानाचं सांगितलं नाही. हॉटेलात काय खाल्लं असं तिनं विचारल्यावर ते हात धुवायला गेले.

रविवारी दुपारी नवा माऊस चांगला चालला. बटण एकदा दाबलं की दुर्बीण उघडायची आणि उघडी राहायची. दीपमालानं टाकीवरून गल्ली राखली, एकालाही पुढे येऊ दिलं नाही. शेवटच्या फेरीत दोन्ही टीम बरोबरीत होत्या. तिच्या मागे, टाकीच्या पायऱ्यांवर कोणाचीतरी पावलं वाजली. तिला वाटलं अकोल्याचा प्रफुल असेल, त्याची जागा तिथंच होती. पण प्रफुल थोड्या वेळापूर्वी तिथून हलला होता, तसं त्यानं सांगितलंही होतं, आणि ती तेव्हा नेम धरत होती. ती पावलं दुसऱ्या कोणाची होती. सत्तेचाळीस डिग्री हरली.

"चलता है," प्रफुल हेडफोनमध्ये म्हणाला आणि एकेक करून सगळे निघून गेले.

जिजाबाई चहा घेऊन आली. लेकीचं तोंड पाहून म्हणाली, "गेमच त होता, माय."

दीपमालानं चहा घेतला. गेमच होता हे तिलाही माहीत होतं. त्यानं काही फरक पडत नव्हता.

संध्याकाळी विवेकचा फोन आला. काल अर्ध्यातून गेलो, माफ करा, असं तो म्हणाला.

"गाय कशी आहे?" दीपमालानं विचारलं.

"उभी राहिली. वासरू नाही वाचलं."

"गोऱ्हा होता का कालवड?"

"कालवड." थोडं थांबून त्यानं विचारलं, "तुमच्या मॅचचं काय झालं?"

"हरलो."

"कशानं?"

आजवर हे तिला कोणी विचारलं नव्हतं. लोक 'असू दे' म्हणायचे, नाहीतर 'बरं झालं, आता झोप' म्हणायचे. तिनं सांगायला सुरुवात केली. गल्ली, टाकी, पायऱ्या, प्रफुल. मध्येच त्यानं टाकीला पायऱ्या एकाच बाजूनं आहेत का असं विचारलं, म्हणजे तो खरंच ऐकत होता.

"पावलं ऐकू आली होती मला," ती म्हणाली. "वाटलं आपलाच माणूस आहे. वळून पाहिलंच नाही."

"काल मी प्रेमदासला गाय कधीपासून अडली हेच नाही विचारलं," तो म्हणाला. "ती पहाटेपासून अडली होती. विचारलं असतं तर मी जवळच्या डॉक्टरला पाठवलं असतं. मी पोचेपर्यंत उशीर झाला."

दीपमालानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माऊस कोणता घेतला?" त्यानं विचारलं.

"भोकांचा. तुम्ही सांगितला तो माझ्या हाताला मोठा होता."

"बरोबर आहे. मी माझा हात पाहून सांगितलं."

मग दीपमाला म्हणाली, "एक सांगून ठेवते. लग्न झालं तरी मी हे बंद करणार नाही."

"माझा फोनही केव्हाही येतो. जेवता जेवता उठावं लागते. तोही बंद नाही होणार."

"ते काल पाहिलं मी."

"हो," तो म्हणाला.

तिनं फोन ठेवला तेव्हा जिजाबाई दारात उभी होती. आवाज फार बाहेर येत नव्हता, पण बराच वेळ येत होता एवढं तिला कळलं होतं.

"काय म्हनत होते?"

"कालवड गेली म्हणे."

"आई गं," जिजाबाई खाली बसली. मग तिला मूळ मुद्दा आठवला. "अन् त्यायले काय सांगू?"

"हो सांग."

नाही म्हणाली तर काय काय बोलायचं याची जिजाबाईनं सकाळपासून तयारी केली होती. हो म्हणाली तर काय बोलायचं याची केली नव्हती. ती उठली आणि कवडूजींना हाक मारायला अंगणात गेली.