हवेवरची सोयरीक

मोहटोल्यात भुपेंद्रची पिकअप येताना आधी आवाज यायचा, मग गाडी. गावाच्या तोंडाशी असलेला ब्रेकर गावकऱ्यांनी श्रमदानातून घातला होता, आणि श्रमदानात उरलेलं सिमेंट परत न्यायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. त्यामुळे तो इटियाडोहाच्या धरणाचा धाकटा भाऊ शोभला असता. त्यावर पिकअपचं मागचं बूड घासलं की खर्रर्र असा आवाज उठायचा आणि घरी रुख्मिणीबाई पोरासाठी चहाचं आधण ठेवायच्या.

गाडी पूर्वी चारचौघींसारखी उंच होती. मग भुपेंद्रने मोबाईलवर कुठल्याशा देशातल्या, जमिनीला टेकलेल्या गाड्या पाहिल्या आणि मागच्या चाकांवरच्या कमानीतले, स्प्रिंगचे दोन लोखंडी पाटे काढून टाकले. गाडी खाली बसली. दोस्त म्हणाले, झकास. त्या झकासपणात धान तेवढं भरता येईना. मनिरामजी, म्हणजे त्याचे वडील, तिला घोरपड म्हणत.

"घोरपड धानाच्या बांधीकडे नको नेऊ बे," ते सांगत. "चिखलात बसली तं अंडे देऊनच उठेल."

भुपेंद्रला याचं काही वाटत नव्हतं. पण दिवाळी झाली आणि मंडईचे दिवस लागले. मंडई म्हणजे दिवसा बाजार आणि नाचगाण्याची दंडार, रात्री नाटक. पण तिचं खरं काम तिसरंच. गावोगावचे पाहुणे या निमित्ताने येतात, आणि ज्या घरात लग्नाचं पोरगं किंवा पोरगी आहे, ते घर आपोआप पाहण्यात येतं. 'मंडई पाहाले आलो' असं म्हणणारा पाहुणा मंडई सोडून सगळं पाहतो: विहीर, बैल, संडास, पोराचे दात.

यंदा चिचगडचे केशोराव येणार होते. त्यांची हर्षा आणि भुपेंद्र कॉलेजात सोबत होते आणि दोघांचं कधीच ठरलेलं होतं. आता ते केशोरावांना मंडईत पहिल्यांदा सुचायचं होतं.

"बाबा गाडी पाहतील," हर्षा फोनवर म्हणाली. "मागच्या साली एक पोरगा पाहिला. त्याच्या मोटारसायकलले आरसे नव्हते. बाबा म्हणाले, ज्याले मागचं दिसत नाही त्याले मी पोरगी नाही देत."

"मग मी काय करू?"

"गाडी उचल."

"पाटे पुन्हा टाकू? अवं, पोट्टे हासतील ना मले!"

"मग पोट्ट्यायसंगच लगन कर," असं म्हणून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी भुपेंद्र अर्जुनीला हिरालाल मिस्त्रीकडे गेला. हिरालालने गाडीखाली डोकं घातलं, मग बाहेर काढलं.

"टेन्शन नको घेऊ. एअर शॉक टाकू. हवा भरली की गाडी वर, सोडली की खाली. सासऱ्यासमोर उंच, दोस्तायसमोर बुटकी. दोन्ही पार्टी खुश."

गाडी जॅकवर चढवली, खाली लाकडी ठोकळे लावले. जुने शॉकअप सोडवताना नटांनी असा हट्ट धरला की त्यांना डिझेल पाजावं लागलं आणि मिस्त्रीला चहा. नव्या शॉकअपच्या अंगावर रबराची जाड बाही होती. हवा तिच्यात भरायची. दोन्ही शॉकअपमधून बारीक नळ्या काढून हिरालालने त्या एका नोझलला जोडल्या. नोझल सायकलच्या ट्यूबला असते तशीच. ती त्याने नंबरप्लेटच्या शेजारी बाहेर काढली.

"इथं काऊन?" भुपेंद्रने विचारलं.

"भराले सोपं जाते. गाडीखाली लोळाची गरज नाही. पण एक ध्यानात ठेव. हवा गाडी उचलते, धान नाही. धानाले पाटेच लागतात."

भुपेंद्रने ऐकलं, म्हणजे मान हलवली. हवा भरताच गाडीचं बूड म्हशीने उठावं तसं सावकाश वर आलं. परतताना ब्रेकरवर काहीच वाजलं नाही. रुख्मिणीबाईंनी आधण ठेवलं नाही, आणि भुपेंद्र त्या दिवशी चहाला मुकला.

हिरालाल मिस्त्रीचं गणित बरोबर होतं. फक्त त्याने माणसं धरली नव्हती. आपल्याकडे ज्याने जन्मात एकदा सायकल चालवली, त्याला नोझल दिसली की तो तिची पिन दाबून पाहतो. हवा आहे की नाही याची खात्री झाल्यावर, म्हणजे ती थोडी गेल्यावर, त्याला बरं वाटतं. नोझलवर टोपण होतं, नाही असं नाही. ते मंडईच्या सकाळीच कोणीतरी स्वतःच्या मोटारसायकलला लावून नेलं.

केशोराव दुपारी जीपने आले. आधी काठी उतरली, मग एक पाय, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा पाय. "अगा माय," गुडघ्यावर हात ठेवून ते म्हणाले. आत येऊन ते खाटेवर बसले, तेव्हाही 'अगा माय' झालं. समोर चिवडा आणि अनरसे आले. नव्या सदऱ्यातला भुपेंद्र पाहुण्यांसमोर बसला. उघड्या दारातून त्याला गाडीची मागची बाजू दिसत होती.

तिथे त्याचा मामा, केवळराम, उभा होता. मामा वाकला, सरळ झाला, आणि गाडी दोन बोटं खाली गेली. त्याने शेजारच्या शालीकरामला काहीतरी दाखवलं. शालीकराम वाकला. गाडी आणखी खाली गेली.

"पाणी आणतो," भुपेंद्र म्हणाला आणि मागच्या दाराने निघून पायपंप घेऊन गाडीकडे धावला.

"मामा, हात नको लावू गा!"

"हात कोण लावून राहिला? मी हवा पाहून राहिलो," मामा म्हणाला.

गाडी वर करून भुपेंद्र परत आला. पाणी आणायला तो विसरला होता. थोड्या वेळाने त्याला पुन्हा पाणी आणायला जावं लागलं, मग सुपारी आणायला. तिसऱ्या खेपेला केशोरावांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"पोराले घाम लय येते?"

"कामाचा हाय ना," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

मग केशोराव उठले. "चला, गाडी पाहू."

ते गाडीभोवती फिरले. काठीने टायर ठोकले, डाल्याचा मागचा फाळका खाली पाडायला लावला, वाकून खाली पाहिलं. "उंच आहे," ते म्हणाले. "मोकळी आहे. शेताच्या कामाची आहे." भुपेंद्रच्या जिवात जीव आला. फिरत फिरत केशोराव नंबरप्लेटपाशी पोचले.

"हे काय होय?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पिन दाबली.

सायकलची हवा अशी दाबली की फुस्स होऊन थांबते. ही थांबेना. आता ही संपते कधी ते पाहावं म्हणून केशोरावांनी अंगठा तसाच ठेवला. गाडी खाली आली, आणखी खाली आली, आणि जमिनीच्या जवळ जाऊन बसली.

केशोरावांनी अंगठा काढून हात खिशात घातला.

"मी काही नाही केलं," ते म्हणाले. "मी पाहून राहिलो होतो फक्त."

मनिरामजींना आयुष्यात अशा संधी फार आल्या नव्हत्या. त्यांनी लांब सुस्कारा सोडला. "असू द्या, पाव्हणे. होते असं. पोराने लय जीव लावला होता गाडीले."

"मिस्त्रीचं काय असेल ते मी देतो," केशोरावांचा चेहरा पडला. "अशी कशी बसली हो ती?"

भुपेंद्रने त्यांच्याकडे पाहिलं. या क्षणी पोरगी मागितली असती तर मिळाली असती, वर एखादी म्हैसही आली असती. वडील त्याला डोळ्यांनी गप्प बसायला सांगत होते. पण खिशात हात लपवलेला तो एवढा मोठा माणूस काही त्याला पाहवेना.

"मामाजी, तुम्ही काही नाही मोडलं," तो म्हणाला. मामाजी म्हणजे सासरा; तूर्त काकाजी म्हणायचं ठरलं होतं, पण निसटलं. "गाडी अशीच हाय. मीच पाटे काढून बसवली होती. तुम्ही येणार म्हणून हवा भरून उभी केली."

मनिरामजींनी डोळे मिटले.

केशोरावांनी खाली बसलेल्या गाडीला काठीने ठोकून पाहिलं. उभं राहून त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. त्यांनी टेकायला जागा शोधली. उघडा फाळका खुर्चीच्या उंचीवर आला होता. ते त्यावर बसले. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. ते उठले आणि पुन्हा बसले. 'अगा माय' झालं नाही.

"भर हवा," ते म्हणाले.

भुपेंद्रने पंप मारला. केशोराव फाळक्यासकट सावकाश वर निघाले.

"वर जाऊन राहिलो गा!" त्यांचे पाय जमिनीवरून सुटले. "बस, बस! थोडी खाली घे."

केवळराममामा पुढे झाला आणि सरावल्या हाताने पिन दाबली. "इथं?"

"अजून थोडी. हां, इथं." केशोरावांनी पाय टेकले आणि काठी मांडीवर घेतली. "आता बोला. धान वाहते का?"

"नाही," भुपेंद्र म्हणाला.

"पाटे कुठं हायेत?"

"गोठ्याच्या दाराले टेका म्हणून लावले," मनिरामजी म्हणाले. "दोन्ही टाका म्हणतो मी, पण ऐकते कोण!"

"दोन टाकले तं गाडी खाली येणार नाही. मले चढता नाही येणार."

"मग एकही नको," भुपेंद्रने आशेने सुचवलं.

"अन धान काय डोक्यावर नेशील बे?"

मग रीतसर बैठक बसली. मनिरामजी दोनवर होते, भुपेंद्र शून्यावर, केशोराव एकावर. केवळराममामाने मध्यस्थी केली, शालीकरामने दोन्हीकडून मान हलवली, रुख्मिणीबाईंनी चहा पाठवला. शेवटी एक पाटा ठरला, आणि लग्नाच्या दिवशी केशोराव जीपमध्ये चढणार नाहीत, या गाडीत बसतील, हेही ठरलं. पोरीचं काय, ते वेगळं कोणी विचारलं नाही.

भुपेंद्रने घराच्या मागे जाऊन फोन लावला.

"काय म्हणाले बाबा?" हर्षाने पहिल्या रिंगलाच विचारलं.

"एक पाटा."

"म्हणजे?"

"म्हणजे हो."

ती हसली, मग थांबली. "अन तो फुस्स आवाज कायचा होय?"

भुपेंद्रने कोपऱ्यावरून डोकावून पाहिलं. नुकत्याच आलेल्या एका पाहुण्याला केवळराममामा गाडीमागे वाकून नीट समजावून सांगत होता.