तीन दिवसांची कोरी पाटी

मी पाटी बोलतेय. शाळेतल्या पोरांच्या हातातली नव्हे. विद्यापीठात फी भरायच्या खिडकीशेजारी टांगलेली. माझ्या अंगावर एकच ओळ असायची: 'वार्षिक फी', आणि पुढे आकडा. पण घराघरांतले बेत त्या एका ओळीवर ठरायचे.

त्याआधी मी झाड होते. ते दिवस आता धूसर आठवतात. पानांतून उतरणारं ऊन, वारा, आणि कुठे जायची घाई नाही. मग करवत आली, रंधा आला, चार खिळे आले. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण भिंतीवर चढले तेव्हा समोरच मोठं तावदान होतं. दुपारचं ऊन त्यातून माझ्यापर्यंत यायचं आणि मी पेंगत पेंगत माणसं बघायचे. निम्मं आयुष्य मी पेंगण्यातच काढलं म्हणा ना.

माझा आकडा लहान होता. शिकवणाऱ्यांचे पगार, इमारतीची डागडुजी, पुस्तकं, सगळ्याचा मोठा भार सरकार उचलायचं आणि बदल्यात एकच अट घालायचं: पाटीवर आहे त्याच्या वर छदामही घ्यायचा नाही. नवा आकडा पाटीवर लागेपर्यंत जुनीच फी, असं नियमांच्या पुस्तकात छापलेलं होतं. खिडकीवरच्या बाईंना ते पान तोंडपाठ होतं.

दर काही वर्षांनी पेंटरकाका शिडी घेऊन यायचे. जुन्या आकड्यावर झटपट वाळणारा पांढरा रंग फिरवायचे, चहा पिऊन यायचे आणि नवा आकडा लिहायचे. तो आधीच्यापेक्षा जरासाच मोठा असायचा. पांघरुणावर पांघरूण घालावं तसे माझ्यावर थर चढत गेले.

मग सरकारने हात आखडता घेतला. अनुदान घटलं. छत गळू लागलं, माणसं निवृत्त झाली की त्यांच्या खुर्च्या रिकाम्याच राहू लागल्या. कुलसचिव साहेब पत्रं लिहून लिहून थकले. शेवटी सरकारने पैशांऐवजी मोकळीक दिली. फीवरची मर्यादा उठली, आता तुमचं तुम्ही बघा.

तो आदेश आला सोमवारी सकाळी. त्याच सकाळी प्रवेशाची यादी लागली होती आणि फी भरायची मुदत होती बुधवारपर्यंत. रांगेत सगळ्यांत पुढे एक मुलगी आणि तिचे वडील उभे होते. वडील इस्त्रीचं काम करायचे. महिन्यापूर्वी येऊन त्यांनी माझ्यावरचा आकडा तळहातावर लिहून नेला होता, म्हणून मला ते ओळखीचे.

खिडकी उघडायच्या आत साहेब पेंटरकाकांना घेऊन आले. हातात चिठ्ठी होती, चिठ्ठीत नवा आकडा, जुन्याच्या तिप्पट. तो त्यांनी काकांना मोठ्याने वाचून दाखवला. मुलगी तो ऐकून हळूच रांगेबाहेर सरकली.

"बाबा, चला. पुढच्या वर्षी बघू."

"थांब जरा," वडील म्हणाले. पण कशासाठी थांबायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

शिडीवरून पेंटरकाकांना ते दोघे दिसले असणार, कारण त्यांचा कुंचला हवेतच थांबला. मग ते खाली उतरले. नेहमीचा डबा बाजूला ठेवून त्यांनी दुसरा उघडला, तेलरंगाचा. आणि मला वरपासून खालपर्यंत पांढरंफटक करून टाकलं, चांगलं जाडजूड.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"जुने थर सुटायला लागलेत, साहेब. अस्तर न देता लिहिलं तर महिन्याभरात पोपडे निघतील."

"वाळणार कधी?"

"हवा दमट आहे. गुरुवार उजाडेल."

"ओल्यावरच लिहा."

"लिहितो की. पण ओघळलेल्या आकड्याची फी कोण भरणार?"

खरं सांगते, माझा एकही थर सुटला नव्हता. साहेबांनाही ते कळलं असावं. ते काही दूधखुळे नव्हते. तेवढ्यात बाईंनी खिडकीतून नियमांचं पुस्तक पुढे सरकवलं. "नवा लागेपर्यंत जुनीच, साहेब. खाली तुमचीच सही आहे."

साहेबांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. "छत मात्र गळणार मग," एवढंच पुटपुटले आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून बसले.

रांग हलली. पावती हातात पडल्यावर ती मुलगी माझ्याजवळ आली. मी खरंच ओली आहे का ते बघायला तिने खालच्या कोपऱ्यात बोट टेकवलं. ठसा उमटला तशी घाबरली, आणि बोट वहीला पुसून वडिलांच्या मागे पळाली.

तीन दिवस मी कोरी होते. ऊन यायचं, माझ्या पांढऱ्या अंगावर पसरायचं, आणि कोणी मला वाचून मान खाली घालत नव्हतं. इतकं हलकं मला झाड असतानाही वाटलं नव्हतं.

गुरुवारी आकडा लागलाच. पेंटरकाकांनी कोपऱ्यातल्या ठशाला मात्र कुंचला लागू दिला नाही. पुढे फी संगणकाच्या पडद्यावर दिसू लागली आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे किती वर्षं झोपले कोण जाणे. झोपेत कधी कधी माझ्या पोटातले जुने, लहान आकडे कुजबुजताना ऐकू यायचे.

आज दार उघडलं. केसांत रुपेरी बटा असलेल्या एक प्राध्यापिका आत आल्या. त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली, खाली वाकल्या आणि त्या ठशावर बोट ठेवलं. बोट बरोब्बर बसलं. मी ओळखलं.

"मामा, ही वर न्यायची, फीच्या बैठकीला," त्या शिपाईमामांना म्हणाल्या.

"मॅडम, हिच्यावरचा आकडा केव्हाच जुना झाला."

"आकडा नाही दाखवायचा मला."

आत्ता मी जिन्यात आहे. वर आज नवा आकडा ठरायचा आहे. छत अजून गळतंय, हेही खरं. त्याचा खर्च कोणी तरी उचलायला हवाच. पण तो कोणी उचलायचा, ते रांगेतल्या पहिल्या पोरीला विचारू नका. मला वर बोलता येणार नाही. म्हणून तुमच्यापैकी कोणी त्या खोलीत बसणार असाल, तर लिहिण्याआधी माझा खालचा कोपरा एकदा बघा.

शेवटच्या पायऱ्या राहिल्यात. मामांना दम लागलाय, आणि माझं दुसरं टोक तिने धरलंय.