यंत्राला न कळलेली वऱ्हाडी

अमरावतीत माझं फुलांचं दुकान आहे आणि बायको म्हणते तसं माझं तोंड फटकळ. म्हणून मुलगा कुलदीप मुलाखतीत नापास झाला, तेव्हा मी आधी त्यालाच झापलं. संत्रा बागायतदारांना फोनवर सल्ला द्यायची नोकरी होती. मुलाखत यंत्रानं घेतली आणि शेरा मारला, बोलणं अस्पष्ट.

"पुण्यावानी बोलाले काय झालं होतं तुले?" मी म्हणालो.

अकोल्याची माझी पुतणी वर्षाली, जी वकिली करते, तिथंच बसली होती. "काका, ज्याइच्यासंग बोलाचं, ते शेतकरी वऱ्हाडातलेच ना? मंग चूक याची काहून?"

मग तिनं देशोदेशींचे कायदे मला समजावले. नोकरीसाठी माणसं निवडणारं यंत्र युरोपनं जास्त जोखमीचं ठरवलंय, त्यावर माणसाची देखरेख हवी. न्यूयॉर्क शहरात असं यंत्र भेदभाव करतं का, हे बाहेरच्याकडून तपासून घ्यावं लागतं. आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा अजून नाही.

"मंग संपलं," मी म्हणालो.

"कायदा नाई, पन इचारता तं येते."

कंपनीचा धंदा युरोपातही होता. वर्षालीनं कंपनीला सरळ विचारलं, तिथल्या पोरांसाठी माणूस बसवणार, तर आमच्या पोरांसाठी का नाही?

पंधरवड्यानं कुलदीपची फेरमुलाखत घ्यायला कंपनीच्या बाईंचा फोन आला. बाई हैदराबादच्या, वऱ्हाडी त्यांनाही येईना. म्हणून पारख करायला त्यांनी चांदूर रेल्वेचे बागायतदार जानराव यांनाच फोनवर जोडून घेतलं.

"फळं गळून राहिले. कोनतं औषध मारू?" जानरावांनी विचारलं.

"आधी सांगा भाऊ, पानी कवा देल्लं? देठ कसा दिसते? पाहल्याबिगर मी औषध नाई सांगत. फोटो धाडा," कुलदीप म्हणाला.

जानराव बाईंना म्हणाले, "मॅडम, इसको ले लो. मेरेको सब समजा."

कुलदीपला घेतलं. मला इतका अभिमान वाटला की मी पेढे आणायला चप्पल घातली. वर्षालीनं अडवलं.

"थांबा काका. त्या यंत्रानं अजून कोनाकोनाले असंच काढलं, थे बी इचारलं मी त्याइले."

"मंग?"

"वऱ्हाडातल्या साऱ्या पोरापोरींले परत बोलावून राहिले. आता मानूसच ऐकन."

माझे डोळे भरून आले. दुकानात त्या दिवशी जो आला त्याला मी सांगितलं, ही पोरगी आमची आहे.