काठीचं शून्य

धक्क्यामागच्या आवारात अकरा बोटी होत्या. सगळ्या लाकडी ठोकळ्यांवर उभ्या, पाण्यापासून चाळीस पावलांवर. तिघींना डोलकाठी नव्हती, पाच जणींची नावं उन्हाने पुसून गेली होती, दोघींच्या सुकाणूजवळ गवत उगवलं होतं आणि एकीच्या पोटात कोंबड्या राहत होत्या.

"चौदा कोंबड्या," भाची म्हणाली. "कोंबडा धरून."

आत्याने बोटी पुन्हा मोजल्या. अकराच भरल्या. अकरावी बोट आणि कुंपण यांच्यामध्ये एका बोटीपुरती जागा मोकळी होती आणि तिथे नवे ठोकळे मांडून ठेवले होते. तिने त्यांच्यामधलं अंतर पावलांनी मोजलं. ते तिच्या बोटीच्या मापाचं होतं.

तिची बोट नऊ मीटर सत्तर सेंटीमीटर लांब होती. त्यात दोन बाक होते, तेच रात्री पलंग व्हायचे. एक शेगडी होती, समुद्र तिरका झाला तरी सरळ राहणारी. एक टेबल, सत्तेचाळीस पुस्तकं आणि तीनशे लिटरची पाण्याची टाकी. नवऱ्याने आणि तिने सहा वर्षं या बोटीवर संसार केला होता. अकरा महिन्यांपूर्वी नवरा गेला. सगळ्यांना वाटलं, आता ही बाई गुपचूप घरी येईल. बाईने भाचीला बोलावून घेतलं आणि शिडं वर केली. भाचीने नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेतली होती आणि नोकरी मिळायची होती, त्यामुळे तिला नाही म्हणायला कारण नव्हतं. या परक्या किनाऱ्याने त्या दोघी आठ बंदरं करत आल्या होत्या. हे नववं. फाटलेलं शीड शिवून घ्यायला म्हणून नदीत शिरल्या आणि पाच आठवडे अडकून पडल्या.

अडकवलं होतं उंबरठ्याने. नदीच्या मुखाशी वाळूचा आडवा उंचवटा होता, त्याला सगळे उंबरठा म्हणत. बंदराचा नियम सोपा होता: भरतीला उंबरठ्यावर इतकं पाणी हवं की बोटीच्या तळाखाली तीस सेंटीमीटर उरले पाहिजेत. बोट पाण्यात एक मीटर साठ सेंटीमीटर बुडते असं कागदावर लिहिलेलं होतं. म्हणजे एक नव्वद हवं. बंदराचा वाटाड्या रोज छोट्या होडीतून जाऊन लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या काठीने पाणी मोजायचा, आणि काठी कधी एक नव्वद म्हणायचीच नाही.

"आत यायला कुणी काही विचारलं नाही, बाहेर पडायला मात्र सही लागते," भाची म्हणाली. "लग्नासारखंच."

"तू कर आधी, मग बोल," आत्या म्हणाली.

आज गुरुवार होता. उद्या वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी एक, आणि उद्याच दुपारी बाराला त्यांच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपत होती. त्यानंतर क्रेन येणार, बोट उचलणार आणि त्या नव्या ठोकळ्यांवर नेऊन ठेवणार. आवारातली एकही बोट परत पाण्यात गेलेली कुणाला आठवत नव्हती.

दिराचा फोन सकाळीच येऊन गेला होता.

"वहिनी, झालं तेवढं पुरे. माणसं हसायला लागलीत."

"हसू देत की. तेवढाच त्यांच्या फुप्फुसांना व्यायाम."

"मी मागची खोली रिकामी केलीय तुमच्यासाठी. पंखा नवीन बसवलाय. बोट तिथेच विकून टाका. या वयात समुद्रात काही झालं तर मी दादाला काय तोंड दाखवू?"

"दादाला तोंड दाखवायची एवढी घाई कशाला, भाऊजी? निवांत जा," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला. मग बराच वेळ ती पंख्याचा विचार करत बसली. खोलीला एकच खिडकी होती, आणि ती जिन्यात उघडायची, हे तिला पक्कं माहीत होतं.

आता ती बंदरप्रमुखांच्या टेबलासमोर उभी होती. हातात दोरीची गुंडाळी होती आणि दोरीच्या टोकाला दोन किलोचं पितळी वजन. आत्या वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून निवृत्त झाली होती. बाजारात तिचं नाव शून्यबाई होतं, कारण कुठल्याही दुकानात शिरली की आधी रिकामा तराजू बघायची. हे वजन चार ग्रॅमने कमी भरलं म्हणून तिनेच एकदा बाद केलेलं. नवऱ्याने ते मागून घेतलं, त्याला दोरी बांधली आणि पाण्याची खोली मोजायला वापरलं. दोरीवर दर दहा सेंटीमीटरला त्याने लोकरीचा धागा बांधला होता. लोकर तिच्याच जुन्या स्वेटरची.

"आज साडेनऊच्या भरतीला तुमच्या वाटाड्याच्या शेजारी होडी लावून मी मोजलं," ती म्हणाली. "त्याची काठी म्हणते एक बहात्तर. माझी दोरी म्हणते दोन मीटर चार."

बंदरप्रमुख स्वभावाने वाईट नव्हते, पण शिक्क्याशिवाय त्यांचा सूर्यावरही विश्वास नसावा. त्यांनी खणातून पोलादी टेप काढली, दोरी टेबलावर ताणून धरली आणि दोन मीटरच्या धाग्यापर्यंत मोजलं. मग टेप तिच्याकडे वळवली.

एक मीटर त्र्याण्णव.

"बाई, तुमचं मापच खोटं आहे," ते म्हणाले. "आणि तुम्ही म्हणे निरीक्षक होता."

दाराशी उभा असलेला वाटाड्या खाकरला. आत्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तीस वर्षं ती लोकांच्या मापांवर शिक्के मारत हिंडली होती, आणि घरातली ही एक दोरी तिने कधी तपासली नव्हती. नवऱ्याने केलीय म्हणजे बरोबरच असणार, एवढं धरून चालली होती. सहा वर्षं मिठाच्या पाण्यात भिजून आणि वाळून दोरी आटली होती.

ती दोरी गुंडाळून बाहेर पडली.

बोटीवर येऊन तिने दोरी पाण्यात भिजवली, डेकवर ताणली आणि टेप घेऊन बसली. एकेक धागा कापून काढायचा आणि नव्या खुणेवर बांधायचा. नवऱ्याच्या गाठी बारीक, दुहेरी आणि हट्टी होत्या, नखाने सुटेनात. शेवटी तिने कात्री घेतली. कापलेले तुकडे फेकले नाहीत, पण त्यांच्याकडे फार वेळ बघितलंही नाही.

"आत्या," भाची वहीतून डोकं न काढता म्हणाली. "आपली दोरी खोटी, मान्य. पण आकडा सुधारला तर दोन मीटर चारचे एक सत्त्याण्णव होतात. काठी म्हणते एक बहात्तर. जागा तीच, वेळ तीच. पंचवीस सेंटीमीटर पाणी गेलं कुठे?"

आत्याने शेवटची गाठ आवळली. "काठी बघितलीस कधी जवळून?"

"नाही. होडीत आडवी असते."

"मीही नाही. बघ म्हणजे, दोनदा तीच चूक."

काठी वाटाड्याच्या खोलीबाहेर भिंतीला टेकवलेली होती. आत्याने विचारलंही नाही. उचलली, खांद्यावर टाकली आणि सरळ बंदरप्रमुखांच्या खोलीत शिरून त्यांच्या टेबलावर आडवी ठेवली. शाईची बाटली थोडक्यात वाचली.

"अहो, काय हे!"

"आकडे कुठून सुरू होतात, दाखवा."

बंदरप्रमुखांनी बोट ठेवलं. रंगाची पहिली पट्टी लाकडाच्या तळाशी सुरू होत होती. लाकडाच्या खाली लोखंडी टोक होतं, भाल्यासारखं. आत्याने त्यांचीच टेप लावली. टोक एकोणतीस सेंटीमीटर भरलं.

"हे एकोणतीस कोण मोजतं?"

"टोक वाळूत रुततं, बाई. ते धरायचं नसतं."

"किती रुततं?"

"रुततं बरंच."

"बरंच म्हणजे किती? मोजलंय कुणी?"

मग वाटाड्या दाराशीच हळू आवाजात म्हणाला, "दोन बोटं रुतत असेल, साहेब. फार नाही. वाळू कडक आहे तिथे. दोन वर्षांपूर्वी काठीचा तळ कुजला म्हणून मीच टोक बसवून घेतलं. रंग खाली ओढायचा राहून गेला."

"ती चूक सुरक्षित बाजूला आहे," बंदरप्रमुख म्हणाले. "पाणी कमी दाखवलं तर कुणी बुडत नाही."

"बुडत नाही, कुजतं," आत्या म्हणाली. "खिडकीतून बघा. अकरांतल्या किती बोटी या दोन वर्षांत आवारात आल्या?"

त्यांनी खिडकीकडे बघितलं नाही. म्हणजे आकडा त्यांना ठाऊक होता. "काठी सरकारी आहे," ते म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता.

"काठी असेल सरकारी. शून्य कुणाच्या बापाचं नसतं. माझं माप खोटं निघालं तेव्हा मी घरी जाऊन दोरी सुधारली. आता तुमची पाळी." तिने खुर्ची ओढली आणि बसली. "मला घाई नाही. उद्या बारापर्यंत मी कायदेशीर आहे."

पंख्याखाली कागद फडफडत राहिले. बंदरप्रमुखांनी चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला.

"उद्या सकाळी मी स्वतः येतो," शेवटी ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांना एक नव्वद दिसलं तर सही. एक एकोणनव्वद दिसलं तर क्रेन. मग मला तोंड उघडलेलं चालणार नाही."

"ठरलं."

संध्याकाळी भाची जवळजवळ नाचत होती. आज एक सत्त्याण्णव, उद्याचं उधाण चार सेंटीमीटर जास्त, म्हणजे दोन मीटर एक. एक नव्वदच्या वर चांगले अकरा सेंटीमीटर. आत्या मात्र टेप घेऊन बोटीच्या कठड्यावरून खाली वाकली होती. कठड्यापासून बोटीच्या तळापर्यंत दोन मीटर अठ्ठावन्न, हे तिने बोट मागे एकदा बाहेर काढली तेव्हा मोजलेलं होतं. कठड्यापासून पाण्यापर्यंत आज ब्याण्णव सेंटीमीटर भरले.

"एक सहासष्ट," ती म्हणाली. "आपण एक साठ नाही, एक सहासष्ट बुडतोय. सहा वर्षांचा संसार भरलाय."

"आत्या, कागदावर एक साठ आहे. कोण बघतंय?"

"मी."

"तो माणूस एक नव्वदवर सही द्यायला तयार आहे! तू स्वतःच्याच पायावर—"

"आज दुपारी मी त्याच्या टेबलावर काठी आपटली. आता माझ्या बोटीचं शून्य लपवू?" आत्याने टेप गुंडाळली. "आपल्याला एक शहाण्णव लागणार. लिही वहीत."

भाचीने लिहिलं, आणि पेन्सिल जरा जोरातच ठेवली.

शुक्रवारी सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता आणि नदीचं पाणी मुखातून बाहेर ढकलत होता. आत्याने तो गालावर ओळखला. त्यांनी बोट उंबरठ्याला अगदी लागून नांगरली. दहा वाजता बंदरप्रमुख छोट्या होडीतून आले. बुटांवर पाणी उडू नये म्हणून पाय वर धरून बसले होते. वाटाड्या वल्ही मारत होता.

"साहेब, आधी एक सांगते," आत्या बोटीवरून म्हणाली. "मला एक नव्वद पुरणार नाही. बोट एक सहासष्ट बुडते. काल मोजली. एक शहाण्णव दाखवा, मगच सही करा."

बंदरप्रमुख तिच्याकडे बघत राहिले. "तुम्हाला जायचंय की राहायचंय?"

"जायचंय. मोजून."

काठीचं टोक रुतू नये म्हणून आत्याने कुकरचं सपाट झाकण त्याला तारेने बांधून दिलं. उंबरठ्याच्या सगळ्यात उथळ जागी वाटाड्याने काठी सरळ धरली आणि बंदरप्रमुखांनी झाकणापासून पाण्याच्या रेषेपर्यंत टेप लावली. शेजारीच भाचीने बोटीच्या पुढच्या टोकावरून दोरी सोडली. पितळी वजन तळाला टेकलं. दोघांनी एकदमच आकडा उच्चारला.

"एक पंच्याण्णव."

पहिल्यांदाच काठी आणि दोरी एकाच बोलीत बोलत होत्या, आणि दोघी मिळून नाही म्हणत होत्या.

"एका सेंटीमीटरने, बाई," बंदरप्रमुख म्हणाले. त्यांना आनंद झालेला दिसत नव्हता. "वाऱ्याने खाल्लं."

भाचीने डोळे मिटले. उघडले तेव्हा आत्या तिच्याकडेच बघत होती.

"ही बोट एक सेंटीमीटर वर उचलायला किती वजन कमी करावं लागेल, पदवीधर?"

भाचीच्या ओठांची हालचाल झाली. "दीडशे किलो. साधारण."

"आणि टाकीत?"

"तीनशे लिटर. काल काठोकाठ भरलीय. पण आत्या, ते प्यायचं पाणी आहे! पुढचं बंदर दोन दिवसांवर."

"वीस लिटरचा कॅन आहे ना वेगळा? दोन बायकांना दोन दिवस पुरेल. आंघोळ समुद्रात." तिने टाकीच्या तळाचा पंप उघडला. "बघत काय राहिलीस? दांडा मार."

त्यांनी आळीपाळीने दांडा मारला. गोडं पाणी खाऱ्या पाण्यात धो धो पडत राहिलं. वाटाड्या घड्याळाकडे आणि काठीकडे आलटून पालटून बघत होता. भरतीचा माथा म्हणजे फार तर वीस मिनिटं. चौदाव्या मिनिटाला पंप कोरडा खोकला. आत्याच्या खांद्यातून कळ निघत होती. तशाच हातांनी तिने टेप बंदरप्रमुखांकडे दिली.

"मी नाही. तुम्ही मोजा."

त्यांनी होडी बोटीला भिडवली आणि उभे राहिले. बूट भिजले. कठड्यापासून पाण्यापर्यंत टेप धरून त्यांनी आकडा वाचला, मग पुन्हा वाचला. चौऱ्याण्णव. मागे वळून वाटाड्याला म्हणाले, "काठी पुन्हा लाव." त्याने लावली. तिथेच, कठड्यावर कागद टेकवून, त्यांनी सही केली.

आत्याच्या खिशात फोन वाजला. दिराचं नाव होतं. तिने तो बाकावरच्या उशीखाली सरकवला आणि सुकाणू हातात घेतलं. भाचीने नांगर ओढला, शीड चढवलं. जमिनीवरून येणाऱ्या त्याच वाऱ्याने ते भरलं.

बंदरप्रमुखांनी होडीतच नोंदवही उघडली आणि लिहिलं: शुक्रवार, सकाळी दहा वाजून तीस मिनिटं. उंबरठ्यावर पाणी एक मीटर पंच्याण्णव सेंटीमीटर, काठीच्या टोकापासून मोजलेलं. बोट पाण्यात एक मीटर चौसष्ट. तळाखाली शिल्लक, एकतीस सेंटीमीटर.