बेवारस पत्ता

ऑफिसात तिला सगळे मुदतवाली म्हणत. शे-दोनशे गिऱ्हाइकांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या त्या कंपनीत तिचं काम एवढंच, की प्रत्येक वेबसाइटचं सुरक्षेचं सर्टिफिकेट कधी संपतंय यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं आणि ते संपायच्या आत नवं काढायचं. सर्टिफिकेट म्हणजे येणाऱ्याला दिलेली हमी, की बाबा रे, तू ज्याच्या दारात आलायस तो तोच आहे, दुसरा कुणी त्याचं सोंग घेऊन बसलेला नाही. मुदत उलटली तरी वेबसाइट जागच्या जागी असते, तिच्यातलं अक्षरही बदललेलं नसतं. पण येणाऱ्याच्या तोंडावर इशारा झळकतो, की ही तीच असेलच असं नाही, मागे फिरा. आणि माणसं निमूट मागे फिरतात. काम नीट झालं तर मुदतवाली कुणाच्या गावीही नसे, आणि एखादी तारीख हुकली तर साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे तिच्या टेबलाभोवती गोळा होत. तिची त्याला ना नव्हती. घरी नवरा होता, पहिलीतली चिऊ होती, आणि संध्याकाळी दार उघडताच पायांना पडणारी मिठी होती. एवढ्यावर ती खूश होती.

तिच्याकडच्या वेबसाइटच्या यादीत एक पत्ता बेवारस निघाला. गिऱ्हाइकाचं नाव नाही, बिल नाही, उघडला तर नुसतं पांढरं पान. ती आल्यापासून बाकीच्यांच्या रांगेत त्याचंही सर्टिफिकेट सवयीनं काढत आली होती. खरं तर नवं सर्टिफिकेट देण्याआधी खातरजमेचा कोड वेबसाइटच्या मालकाला जातो. या पत्त्याचा कोड तिच्याच मेलवर येत होता. हे का, असं तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"कुणाचंच नाही ना? मग संपू दे," साहेब म्हणाले. "ज्याचं असेल तो बोंबलत येईल."

त्यांच्या धंद्यातली ही जुनी रीतच. मालक सापडत नसला की मुदत उलटू द्यायची आणि आरडाओरडा कुठून होतो ते बघायचं. त्या दुपारी मुदत उलटली. फोन वाजला नाही, मेल आला नाही. एक ब्याद गेली म्हणून ती हलक्या मनानं घरी निघाली.

किल्ली फिरली, पण दार आतून साखळीला अडलं. फटीत नवरा दिसला.

"बोला," तो म्हणाला.

"अरे, साखळी काय लावलीस? काढ, हात भरलेत माझे."

तो हसला नाही. रागावलेलाही दिसला नाही. दारावर आलेल्या विक्रेत्याला परत पाठवताना माणूस जसा सभ्यपणे, पण जागचा न हलता उभा राहतो, तसा तो उभा होता. त्याच्या पायामागून चिऊ डोकावत होती.

"चेष्टा पुरे हं. मी आहे."

"ते कुणीही म्हणेल," तो हळूच म्हणाला. "तुम्ही हुबेहूब तिच्यासारख्या दिसता. म्हणूनच म्हणतोय, परत जा."

"बाबा, आई कधी येणार?" चिऊनं विचारलं. तिच्याकडे बघत विचारलं, आणि दार बंद झालं.

तिनं दार ठोठावलं, हाका मारल्या, शेजारणीची बेल वाजवली. शेजारीणही दाराच्या भिंगातून बघून आत निघून गेली. जिन्याच्या पायरीवर बसल्या बसल्या तिला तो इशारा आठवला, ही तीच असेलच असं नाही, आणि पाठोपाठ दुपारी संपू दिलेला तो पत्ता. असं कुठे असतं का, असं स्वतःला बजावत ती धावतच ऑफिसात परतली. वॉचमननं तिचं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं, पण दाराच्या यंत्राला कार्ड पुरलं. तिनं त्या पत्त्याचं सर्टिफिकेट काढलं. ते लागू झालं आणि तिचा फोन वाजला.

"अगं, आहेस कुठे?" नवरा वैतागला होता. "चिऊ जेवायची थांबलीय."

त्या दिवसापासून तिनं त्या पत्त्याला जिवापाड जपलं. जपता येईल तितकं, कारण मुदती आखडू लागल्या होत्या. सगळ्या जगानंच ठरवलं होतं, की सर्टिफिकेट जितक्या थोड्या काळाचं तितकं सुरक्षित. वर्षाचे महिने झाले, महिन्यांचे आठवडे. बाकीच्या वेबसाइटचं काम साहेबांनी यंत्रावर सोपवून टाकलं. हा पत्ता यंत्र घेईना. तो हातानंच करावा लागे, ऑफिसातल्याच कॉम्प्युटरवरून, आणि मुदत अगदी संपत आल्याशिवाय नवं सर्टिफिकेट मिळत नसे. त्याची मुदत तर इतरांहूनही भरभर आखडत गेली आणि शेवटी एका दिवसावर आली. तिनं रजा घेणं सोडलं. तापातही ती टेबलाशी येऊन बसे. ती गाव सोडेना म्हणून नवऱ्यानं दुसरीकडची बढती नाकारली, त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता. "त्या नोकरीनं तुला बांधून घातलंय का?" त्यानं एकदा विचारलं, आणि तिला रडू फुटलं, पण सांगणार काय?

मग चिऊच्या शाळेचा कार्यक्रम आला. चिऊ ढग झाली होती. पडद्यामागून बाहेर आल्यावर वारा सुटेपर्यंत ढगानं जागचं हलायचं नव्हतं, एवढंच तिचं काम. पण त्यासाठी ती महिनाभर घरात हात पसरून उभी राहत होती.

"तू येणारेस ना? मागच्या वेळेसारखं नाही ना करणार?"

"शप्पथ येणार."

कार्यक्रमाची वेळ आणि मुदत संपायची वेळ एकच. ती रात्रंदिवस त्याच विचारात होती. शेवटी तिनं शेजारच्या टेबलावरच्या नवीला विचारलं. ही मुलगी परगावाहून नुकतीच नोकरीला आली होती, सगळे तिला नवीच म्हणत.

"एवढंच ना ताई? तुम्ही खुशाल जा. मी करते."

मुदतवालीनं तिला एकेक पायरी समजावली, आपली मेलपेटी उघडून दिली, पुन्हा सगळं घोकवून घेतलं. निघताना मागे वळून पाहिलं, तर नवी हसून हात हलवत होती.

शाळेच्या कोपऱ्यावर पोचते तोच नवीचा फोन आला.

"झालं हं ताई. लगेच झालं. फक्त एक गंमत, तो कोड तुमच्याकडे आलाच नाही. माझ्याच मेलवर आला."

मुदतवाली रस्त्यात थांबली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, तशी ती पळत सुटली.

सभागृहाच्या दाराशी एक शिक्षिका उभी होती. तिनं हात आडवा धरला.

"आपण कुणाच्या?"

ती चिऊचं नाव सांगत राहिली, वर्ग सांगत राहिली. शिक्षिका समजूतदारपणे मान हलवत होती आणि हात मात्र तसाच होता. दाराच्या काचेतून आतलं दिसत होतं. नवरा तिसऱ्या रांगेत बसला होता, आणि शेजारच्या खुर्चीवर त्यानं आपला कोट टाकून ठेवला होता. आपल्यासाठी जागा धरलीय हे पाहून तिला हुंदका आला.

बऱ्याच वेळानं, पडदा सरकायच्या बेतात असताना, पलीकडच्या दारातून नवी आत आली. खांद्याला ऑफिसची पर्स तशीच होती, आणि आपण इथे कशासाठी आलो ते आठवत नसल्यासारखी ती गोंधळून उभी होती. नवऱ्यानं वळून पाहिलं, तो तोंडभर हसला, आणि त्यानं खुर्चीवरचा कोट उचलला.

पडदा सरकला. पांढऱ्या कापसातल्या चिऊनं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं, आणि हलायचं नाही हे विसरून दोन्ही हात उंच करून हलवले. नवीनं एकदा मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं. मग तिनंही, सावकाश, हात वर केला.