समराच्या खुरांची तळी

ऐन सुमर नावाच्या झऱ्याच्या पाणथळीत आता जेमतेम चादरीएवढं पाणी उघडं उरलं होतं. बाकी सगळा बोरू, माणसाच्या डोक्यावर दोन हात. त्या एवढ्याशा पाण्यात बोटाच्या पेराएवढे पट्टेरी मासे होते. चहूकडे वाळवंट, तेव्हा जाणार कुठं बिचारे? रखवालदार हयामनं चारदा बोरू कापून घेतला, चारदा तो आणखी दाट उगवला. या आठवड्यात तिला मासे दिसले अकरा.

कुंपणाबाहेर शमखान बसायचा. चेचेन वस्तीतला म्हातारा, सोबत त्याची म्हैस समरा. पाणथळ जपायची म्हणून कुंपण घातलं, तेव्हा म्हशी बाहेर झाल्या होत्या.

"अम्मो, रोज काय बघता हो?" चहा देताना हयामनं विचारलं. तिच्या बोलीत अम्मो म्हणजे काका.

"तुमची गंमत बघतो, पोरी. झाडणारीला घराबाहेर काढलंत, आणि आता केराला शिव्या देताय."

कापलेला बोरू पुन्हा फुटतो, पण म्हशींनी पाण्याखाली तुडवलेला कुजतो, असं त्याचं म्हणणं. खरं की म्हातारपणची बढाई? हयामच्या डोक्यातून ते जाईना. शेवटी साहेबांना न विचारताच तिनं शुक्रवारी सकाळी फाटकाचं कुलूप काढलं.

शमखान पुढं झाला आणि गुणगुणू लागला. दर गुरुवारी वस्तीत रिंगण धरून अल्लाचं नाम गातात, तोच नाद. देवाचं नाव कुठल्याही बोलीत घ्या, मुक्या जीवाला ते पोचतं. समरा त्या तालावर डुलत बोरूत शिरली, आणि दुपारपर्यंत सगळा चिखल करून बाहेर आली.

चादरीएवढं पाणीही गढूळ झालं. एक मासा दिसेना.

"माझ्या हातून संपले, अम्मो."

"हात घालू नकोस. चार दिवस गाळ बसू दे."

चार दिवस तिला घास गोड लागला नाही. नोकरीपेक्षा त्या अकरा जिवांचीच काळजी. पाचव्या दिवशी ती आडव्या झालेल्या बोरूत पोटावर पडून बघू लागली. चिखलात खुरांचे खोल खड्डे, प्रत्येकात निवळशंख पाणी, त्यावर ऊन. एका खड्ड्यात पट्टेरी शेपूट हललं. शेजारच्यात दोन. बोरूच्या मुळांत दडलेलेही बाहेर आले होते. एकोणीस झाल्यावर तिचे डोळेच भरले, पुढचं मोजता येईना.

शमखान फाटकाशी बसलाच होता. हयामनं कपड्यांवरचा चिखल तसाच ठेवून कुलूप काढलं.

"समराला विचारा अम्मो," ती म्हणाली, "आज सवड आहे का तिला."